शेकडा पाऊण : त्रिरश्मी लेण्यातील हिशेब आणि आपले पाढे

साउथहॅम्प्टन परिसरातील आपली काही कुटुंबे महिन्यातून एकदा भाड्याच्या सभागृहात बुद्धवंदनेसाठी जमतात. मागच्या वेळी वंदना आटोपून चहा चालू असताना एका ताईंनी विचारले, "मुलाला शनिवारच्या वैदिक गणिताच्या वर्गाला घालू का?" मुलगा इयर फोरमध्ये आहे. इंग्लंडमधील शाळांत त्या वर्षी पाढ्यांची परीक्षा होते. २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारापर्यंतचे पाढे. वर्ग घेणाऱ्यांनी ताईंना सांगितले होते की मुलाचे पाढेही पक्के होतील आणि आपला वारसाही कळेल. त्यांना अडचण होती ती या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची. "आपला म्हणजे कुणाचा, दादा?" असे त्यांनी विचारले आणि मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

पहिला भाग थोडक्यात उरकतो. ‘वैदिक गणित’ या नावाने जे शिकविले जाते ते पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकातून आलेले आहे आणि ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील सोळा सूत्रे उपलब्ध असलेल्या कोणत्याही वेदसंहितेत किंवा परिशिष्टात सापडत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी हे पुष्कळ वर्षांपूर्वी सविस्तर लिहून ठेवले आहे. झटपट गुणाकाराच्या काही युक्त्या त्यात आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत. शाळेतल्या मुलाला त्यांचा उपयोगही होईल. मात्र त्यांना दोन-तीन हजार वर्षांचे वय चिकटविण्याला आधार नाही. वेदकाळाच्या उत्तरार्धातील खरे गणित पाहायचे असेल तर यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेली शुल्बसूत्रे आहेत. त्यांतील भूमिती खरोखर उत्तम आहे, आणि ते मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता ताईंचा खरा प्रश्न. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना ना वेदी रचायची होती, ना शाळेत बसायचे होते. मग गणिताचा त्यांच्याशी संबंध काय? माझे उत्तर असे की तो संबंध आपण रोज तोंडाने उच्चारतो. दीड, अडीच, पाऊण, औट हे ते शब्द होत.

‘औट’ हा शब्द नव्या पिढीने कदाचित ऐकलाही नसेल. औट म्हणजे साडेतीन. माणसाच्या देहाला ‘औट हाताचा’ म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे, कारण प्रत्येकाची उंची त्याच्या स्वतःच्या हाताने साधारण साडेतीन हात भरते. आमच्या आजोबांच्या पिढीतील ज्यांना शाळा मिळाली, त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले. अपूर्णांकांचा पाढा पाठ करणे ही गोष्ट इंग्रज सहकाऱ्याला सांगितली की तो चमकतो. पण चार पायल्या ज्वारीला सव्वा रुपया दराने किती, हा प्रश्न रोजचा असेल तर सवायकी पाठ करणेच शहाणपणाचे होय.

या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. ‘अडीच’ हा संस्कृतातील ‘अर्धतृतीय’ या रूपाशी नाते सांगतो. अर्थ असा की दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा आहे. ‘दीड’मध्ये दुसरा अर्धा आहे, ‘औट’मध्ये चौथा. पालीत हेच शब्द दियड्ढ, अड्ढतेय्य आणि अड्ढुड्ढ असे येतात. तिपिटकात तथागतांसोबत साडेबाराशे भिक्खूंचा संघ असल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तेथे पाली शब्द ‘अड्ढतेळस’ शते असा आहे, म्हणजे बारा शतके पूर्ण आणि तेरावे अर्धे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख पकडून नेली गेली असे नोंदविले आहे, आणि त्या दीड लाखातला ‘दीड’ हा आपलाच शब्द आहे, ‘दियढ’. एका राजाने स्वतःच्या अपराधाचा आकडा दगडावर कोरून ठेवला, आणि त्या आकड्यातील शब्द आजही नागपूर-नाशिकच्या बाजारात भाजी घेताना वापरला जातो.

अपूर्णांक असा पुढच्या संख्येवरून मोजण्याची रीत आपल्याकडेच आहे असे मात्र कोणी समजू नये. जर्मन माणूस दीडला ‘अर्धा दुसरा’ अशाच अर्थाचा शब्द वापरतो आणि अडीच वाजले की ‘अर्धे तीन’ म्हणतो. डॅनिश भाषेत पन्नासचा शब्द मुळात ‘तिसरे अर्धे असलेल्या विसा’ असा आहे, म्हणजे अडीच विसा. विसांनी मोजणे तर आपल्या खेड्यांतील वृद्ध स्त्रियांना चांगले ठाऊक होते. तीन विसा म्हणजे साठ, पाच विसा म्हणजे शंभर. फ्रेंच लोक ऐंशीला अजूनही चार विसाच म्हणतात. हातापायांची बोटे सगळ्यांना सारखीच आहेत. त्यामुळे मोजण्याच्या युक्त्या जगभर एकमेकींच्या बहिणी निघतात, आणि एखाद्या वर्णाने वा देशाने त्यांच्यावर मालकी सांगणे हास्यास्पद ठरते.

पाढ्यांचेही तसेच. मज्झिम निकायात गणक मोग्गल्लान सुत्त आहे. गणक म्हणजे हिशेबनीस. हा मोग्गल्लान ब्राह्मण, आणि आपल्या परिचयाच्या महामोग्गल्लान थेरांहून निराळा. श्रावस्तीच्या पूर्वारामात तो तथागतांना म्हणतो की या प्रासादाच्या पायऱ्या जशा एकेक करून चढाव्या लागतात तसे आम्हा हिशेबनिसांचे शिक्षण पायरीपायरीने होते. शिष्य आला की आधी त्याला एकापासून दहापर्यंतचे गट मोजायला लावतो आणि पुढे शंभरापर्यंत नेतो. तुमच्या धम्मात असे क्रमाने शिक्षण आहे काय? तथागत होय म्हणतात आणि शीलापासून ध्यानापर्यंतचा क्रम सांगतात. धम्माचा भाग आपण प्रवचनांत ऐकतो. मी येथे थांबतो तो त्या गटांच्या नावांशी. ती नावे अशी आहेत : दुक, तिक, चतुक्क, पंचक, छक्क. आता आपला पाढा आठवा. बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे सक बारा. ‘तीन’, ‘चार’, ‘सहा’ न म्हणता आपण ‘त्रिक’, ‘चोक’, ‘सक’ का म्हणतो, हे मला लहानपणी कोणीच सांगितले नव्हते. हे गटांचे शब्द आहेत, आणि सुत्तातील गणकाच्या शाळेत जे शब्द घुमत होते त्यांचेच हे झिजलेले रूप आहे.

एक गंमत येथे सांगून टाकतो. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील उपाली नावाच्या मुलाची कथा आहे (हा न्हावी उपाली नव्हे). त्याचे आईवडील चिंता करीत बसले आहेत की आपल्यामागे मुलाचे कसे होणार. लेखन शिकविले तर त्याची बोटे दुखतील, गणना शिकविली तर छाती दुखेल, नाणी पारखण्याचा धंदा शिकविला तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्खू होऊ दे! आयटीतल्या नोकरीने मान आणि डोळे दोन्ही दुखू लागलेल्या आमच्या पिढीला हे आईवडील ओळखीचे वाटावेत. पण यात इतिहासही आहे. लेखन आणि गणना हे त्या काळी घरगृहस्थीच्या मुलाने पोटासाठी शिकावयाचे धंदे होते. ते कोणाच्या जन्माशी बांधलेले असल्याचे त्या कथेत नाही.

आता नाशिकला जाऊ. ज्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात त्यांच्या डोंगराचे नाव तेथील शिलालेखांतच ‘तिरण्हु’ असे आले आहे, म्हणून आपण त्यांना त्रिरश्मी लेणी म्हणतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनीकाचा मुलगा. शक वंशाचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांतला. लेखात ४२ वे वर्ष दिले आहे. तो शक संवत मानला तर इसवी सन १२० च्या सुमाराचा हा लेख होतो. भगवानलाल इंद्रजी आणि पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी या लेखांचे वाचन केले.

लेख सांगतो की उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची कायमची ठेव दिली. ही रक्कम गोवर्धन येथील, म्हणजे नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चिवरासाठी बारा कार्षापण द्यायचे. दुसऱ्या रकमेच्या व्याजातून त्यांचा इतर किरकोळ खर्च.

वाचकांनी हा हिशेब मुलांना घेऊन कागदावर करावा. दोन हजारांचे शेकडा एकप्रमाणे महिन्याचे व्याज वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा कार्षापण, दोनशे चाळीस. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. मी पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवून थोडा वेळ तसाच बसलो. कोणीतरी एकोणीसशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी बसून आधी खर्च ठरविला, भिक्खूंची संख्या ठरविली, दर ठरविला आणि मग उलट गणित करून मुद्दल काढले. आज निवृत्तिवेतनाच्या निधीसाठी करतात ते हेच. पुढे त्याच लेखात उषवदाताच्या दुसऱ्या दानाची नोंद आहे. ते दान देव आणि ब्राह्मणांसाठीचे आहे. तो दोघांनाही देत असे, हेही लपविण्याचे कारण नाही. त्यात ७०,००० कार्षापण आहेत आणि पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने त्याचे २००० सुवर्ण होतात असे लिहिले आहे. भागून पाहा, बरोबर आहे.

आणि दुसऱ्या श्रेणीच्या व्याजाचा शब्द? लेखात तो ‘पायून’ असा कोरलेला आहे. तोच आपला पाऊण. मराठी ही भाषा म्हणून उभी राहण्याच्या कितीतरी आधी तिच्या पाऊणकीतला शब्द एका बुद्ध लेण्याच्या भिंतीवर व्याजाच्या हिशेबात बसलेला आहे.

त्या लेखातील आकडे आजच्यासारखे लिहिलेले नाहीत हे येथेच सांगावे लागेल. ब्राह्मी लिपीत तेव्हा शून्याचे चिन्ह नव्हते. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती आणि हजाराच्या चिन्हाला दोनाचे चिन्ह जोडले की दोन हजार होत. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात, याहून जुनी, अशीच चिन्हे आहेत. त्यामुळे कोरणारा रक्कम आधी शब्दांत आणि मग अंकांत अशी दोनदा देतो, जसे आपण धनादेशावर लिहितो. मग स्थानावरून किंमत ठरविण्याची कल्पना कोठे दिसते? एक जुना दाखला बौद्ध तत्त्वज्ञानात आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात आचार्य वसुमित्राचे मत दिले आहे : मोजणीची गोटी एककाच्या जागी ठेवली तर तिला एक म्हणतात, तीच शतकाच्या जागी ठेवली तर शंभर म्हणतात, गोटी बदलत नाही, तिची अवस्था बदलते. तसेच धर्म भूत, वर्तमान आणि भविष्य या अवस्थांतून जातात. वाद अभिधम्माचा आहे, पण उदाहरण हिशेबाच्या पाटावरचे आहे, आणि वाचणाऱ्याला ते ओळखीचे असल्याशिवाय असे उदाहरण कोणी देत नाही. आमच्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात पंधराव्या शतकातही जकातीचे आकडे रोमन चिन्हांत लिहिले जात होते.

आता दर. शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के, शेकडा पाऊण म्हणजे नऊ टक्के. विणकरांची श्रेणी हे व्याज देते, म्हणजे त्या भांडवलावर धंदा करून ती याहून अधिक मिळवीत असली पाहिजे. जवळजवळ त्याच शतकांत रचलेल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही व्याजाचे दर आहेत. तारण असलेल्या कर्जाला दरमहा शंभराचा ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का, असे आधी सांगितले आहे. पण लगेच पुढे दुसरे कोष्टक येते : दरमहा शेकडा दोन, तीन, चार आणि पाच, वर्णांच्या क्रमाने. ब्राह्मणाला दोन आणि शूद्राला पाच. वर्षाचे चोवीस टक्के आणि साठ टक्के. जन्मावरून ठरणारा व्याजदर! नाशिकचा विणकर त्या व्यवस्थेत शूद्रच ठरणार. त्याच्या श्रेणीने तेच २००० कार्षापण शेकडा पाचने उचलले असते तर वर्षाला १२०० द्यावे लागले असते. लेण्यातील लेखाप्रमाणे ती देते २४०. ठेव आणि कर्ज या दोन गोष्टी एक नव्हेत, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण ठेवीसाठी संघाने आणि दात्याने विणकरांवर विश्वास टाकला, आणि दराच्या शेजारी कोणाचीही जात लिहिलेली नाही, एवढे दगडावर स्पष्ट आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथातील शिक्षांविषयी आपण पुष्कळ बोलतो. व्याजाच्या या कोष्टकाविषयी फारसे बोलत नाही, आणि माझ्या मते शिक्षांपेक्षा याने अधिक घरे बसविली असतील.

त्याच लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. उपासिका विष्णुदत्ता या शक स्त्रीने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव दिल्याची ती नोंद आहे. तिने रक्कम वेगवेगळ्या श्रेणींत वाटून ठेवली : कुलरिकांकडे १०००, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००, तेल गाळणाऱ्यांकडे ५००. एक धंदा बुडाला तरी औषध बंद पडू नये, एवढा विचार या वाटणीत मला दिसतो. आमच्या ताईंना मी हे नंतर फोनवर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई हुशार होती."

उषवदाताच्या लेखात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक छोटे वाक्य. हे सर्व निगमसभेत वाचून ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविले, असे त्यात म्हटले आहे. हिशेब मोठ्याने वाचला गेला, लिहिला गेला आणि वर भिंतीवरही कोरला गेला. कोणाही वाटसरूने यावे आणि ताडून पाहावे.

इंग्लंडमध्येही निरक्षर माणसाला हिशेब ताडता यावा यासाठी एक युक्ती होती. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, मग ती काठी उभी चिरून एक भाग देणाऱ्याने आणि एक घेणाऱ्याने ठेवायचा. दोन्ही भाग जुळविले की खाचा जुळल्या पाहिजेत. एकाने गुपचूप खाच वाढविली तर लगेच कळते. सरकारी खजिन्यात ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती. १८३४ मध्ये साठलेल्या काठ्या जाळताना आग भडकून संसदेची जुनी इमारत भस्मसात झाली. आमच्या येथे फ्रेंच स्ट्रीटवर तेराव्या शतकातील वजनघराच्या भिंती उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात ते उद्ध्वस्त झाले. शेजारच्या विंचेस्टरच्या नावाने तर धान्याचे माप सगळ्या देशभर चालले. बाजारात सर्वांसमोर ठेवलेले माप ही येथील सामान्य माणसाने मिळविलेली मोठी गोष्ट होती.

आपल्या गावगाड्यात मापे होती आणि फार सुबक होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी दुप्पट. पायलीत चौसष्ट निळवी. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही यातली द्विमान रचना लगेच दिसेल. तराजू नसला तरी अर्धे-अर्धे करीत कोणतीही वाटणी करता येते. पण पायलीच्या पुढे मण बारा पायल्यांचा की सोळा, हे गावोगाव बदले, आणि माप कोणाचे वापरायचे ते देणारा ठरवी. शीग लावून द्यायचे की हाताने पुसून, तेही तोच ठरवी. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, कारण सीमेचा दगड आणि दगड त्याच्या पाठांतरात असे. त्याच्या बलुत्याचा वाटा मात्र खळ्यावर दुसरा माणूस मोजून टाकी. पंतोजीच्या शाळेत पावकी-निमकी घुमत होती तेव्हा त्याचे मूल बाहेर होते.

लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा असला की काय होते ते १८७५ मध्ये दिसले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि दंगे पसरले. लोकांना पैसे नको होते. त्यांनी खते आणि रोखे मागितले आणि जाळले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले तेथे बहुधा त्याला हात लावला गेला नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यामुळे न्यायालयांना कर्जाचा मूळपासूनचा हिशेब तपासता येऊ लागला. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला जे निवेदन दिले त्यात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाच्या पाठोपाठ हिशेब असावा असे सांगितले आहे, इतिहास-भूगोलाच्या आधी. जोतीराव स्वतः कंत्राटदारी केलेले गृहस्थ होते. अडाणी माणूस कोठे लुबाडला जातो ते त्यांना पक्के ठाऊक होते.

बाबासाहेबांच्या शाळेतला फळ्याचा प्रसंग आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलाविले आणि वर्गातील सवर्ण मुले धावत सुटली, कारण त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. आपण ही गोष्ट अस्पृश्यतेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ते उदाहरण गणिताचे होते, हे विसरतो. त्या फळ्याकडे निघालेल्या मुलाने १९१५ मध्ये कोलंबियात प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला, १९२३ मध्ये लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२५ मध्ये भारताच्या चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची किंमत कोणी ठरवावी आणि तिच्या चढउताराने गरिबाच्या मजुरीचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. तो खळ्यावरच्या मापाचाच प्रश्न आहे.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. मजुरी ब्रासवर मिळे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच ढीग. मोजणी मुकादम करी, आणि त्याच्या टेपने बायकांचे ढीग नेहमी कमी भरत. आजीला अक्षर येत नव्हते. तिने सुंभाच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. पहिल्या फुटाचे माप तिने शाळेत जाणाऱ्या माझ्या वडिलांच्या पट्टीवरून घेतले होते. मुकादम येण्याआधी ती स्वतः ढीग मोजून ठेवी आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवीत गुणाकार करी. चार बोटे, तीन-तीन पेरे, एका हाताला बारा. एके दिवशी तिने मुकादमाच्या टेपशेजारी आपली दोरी लांब अंथरली. काय बोलणे झाले ते ती सांगत नसे. एवढेच सांगे की त्या आठवड्यापासून तिच्या टोळीतल्या अकरा बायकांचे ढीग पुरे भरू लागले. ती दोरी आमच्या घरी पुष्कळ वर्षे खुंटीला होती.

रुपया सोळा आण्यांचा होता तो १ एप्रिल १९५७ रोजी शंभर पैशांचा झाला, मग दशमान मापे आली आणि पावकी-निमकी शाळेतून हळूहळू निघून गेली. इंग्लंडने आपली बारा पेन्सांची शिलिंग फेब्रुवारी १९७१ मध्ये सोडली, तरी बाराचा पाढा त्यांच्या परीक्षेत अजून आहे.

ताईंनी मुलाला शनिवारच्या वर्गाला घातले नाही. घातले असते तरी माझे भांडण नव्हते. त्याऐवजी या महिन्यात वंदनेनंतर आम्ही सात मुलांना घेऊन बसलो. फळ्यावर उषवदाताच्या लेखातील आकडे लिहिले, देवनागरीत आणि शेजारी ब्राह्मीत. चिवराचा हिशेब मुलांनी पाच मिनिटांत जुळविला. मग दुसरी रक्कम घेतली : हजारावर दरमहा शेकडा पाऊण, वर्षाचे किती, आणि वीस भिक्खूंत वाटले तर प्रत्येकाला किती. पाऊण म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते. घड्याळातल्या पावणेदोनवरून कळले. मग सर्वांनी मिळून पाऊणकी म्हटली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. ताईंचा मुलगा मध्येच थांबला, बोटांवर काहीतरी केले आणि म्हणाला, दहा पाऊण साडेसात, म्हणजे महिन्याचे साडेसात, वर्षाचे नव्वद, प्रत्येकाला साडेचार. मग त्याने विचारले की वर्षावासात एकविसावा भिक्खू आला तर त्याला चिवर कोठून देणार. यावर मुलांत जो वाद सुरू झाला तो सभागृहाची वेळ संपेपर्यंत चालला.